करंट सेन्सर बदलला की कन्व्हर्टरची एफिशियन्सी वाढते काय?

प्रश्न थोडक्यात असा. निपाणीकडचा एक पोरगा आहे, डिप्लोमा झालाय, शेतातल्या घरांसाठी सोलर चार्ज कंट्रोलर बनवून विकतोय. ५४० वॉटची दोन पॅनेलं सिरीजमध्ये, खाली ४८ व्होल्टची बॅटरी बँक, मधे सिंक्रोनस बक (व्होल्टेज खाली आणणारा कन्व्हर्टर, ज्यात वरचा आणि खालचा असे दोन मॉस्फेट म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच आळीपाळीनं चालू होतात) १०० किलोहर्ट्झवर, इंडक्टर २२ मायक्रोहेन्री. भर उन्हात बॅटरीत २० अँपिअर जातात. दोन्ही बाजूला एसीएस७१२ चा (करंटचं चुंबकीय क्षेत्र मोजणारी हॉल सेन्सरची चिप) ३० अँपिअरवाला सेन्सर आहे आणि एफिशियन्सी ९४ टक्क्यावर अडकून बसलीय. कुणीतरी त्याला सांगितलं की ते काढ, १ मिलिओहमचा शंट (करंटच्या वाटेतला बारीक रेझिस्टर) आणि त्यावरचं व्होल्टेज वाढवून दाखवणारा आयएनए२४० अँप्लिफायर टाक, ९७ होतंय. तर होतंय काय, असं तो विचारतोय. मी बेळगावच्या उद्यमबागला गेली बरीच वर्षं ड्राइव्ह, वेल्डिंग इन्व्हर्टर, चार्जर असलीच कामं करतोय, म्हणून जरा लांबलचक सांगतो.

नुसता सेन्सर बदलून काहीही होत नाही रे. हिशेब कर की. एसीएस७१२ च्या आत जी तांब्याची पट्टी आहे ती १.२ मिलिओहमची, २० अँपिअरला त्यात जळतात ०.४८ वॉट. तुझा नवीन शंट जाळणार ०.४ वॉट. म्हणजे हजार वॉटाच्या मशीनमधे तू ०.०८ वॉट वाचवलास, आणि वर आयएनए२४० चे पैसे घातलास ते वेगळेच. खरं चांगल्या सेन्सरचा उपयोग तिथं नाहीच. सेन्सरवर विश्वास नाही म्हणून आपण सर्किटमधे जे जे जास्तीचं घालून ठेवतो, डायोड, मोठा डेड टाइम (दोन्ही मॉस्फेट बंद ठेवायची मधली फट), सावधगिरीची मर्यादा, ते सगळं काढायची हिंमत चांगल्या सेन्सरमुळं येते, आणि वॉट वाचतात ते तिथं. त्यातही फुल लोडला सेन्सर किती बरोबर आहे ह्यापेक्षा झिरोला किती बरोबर आहे हे जास्त महत्त्वाचं, हे पुढं येतंयच.

आधी तुझ्या ९४ टक्क्याचं बघू. तो आकडा आला कुठनं? त्याच दोन एसीएस७१२ वरनं. ह्या चिपची एकूण चूक डेटाशीटप्रमाणं २५ डिग्रीला साधारण दीड टक्का. इनपुटचा सेन्सर दीड टक्का वर आणि आउटपुटचा दीड टक्का खाली असं झालं तर ९४ चे ९१ दिसतील, उलट झालं तर ९७. व्होल्टेज डिव्हायडरला १ टक्क्याचे रेझिस्टर असतील तर अजून गोंधळ. म्हणजे तुझं मशीन आजच ९७ वर असेल किंवा ९१ वर असेल, तुला ते माहीतच नाही, आणि तू सुधारणा करायला निघालायस. क्लॅम्प मीटरनं बघितलं म्हणशील तर डीसी क्लॅम्पमधे पण दोनएक टक्क्याची चूक असतेच, शिवाय दर वेळी झिरो केला नाहीस तर अजून.

ह्याला महागडा पॉवर अ‍ॅनालायझर लागत नाही. एफिशियन्सी हा भागाकार आहे, त्यामुळं दोन्ही सेन्सर एकमेकांशी जुळले की झालं, खरे अँपिअर किती आहेत हे अगदी तंतोतंत नसलं तरी चालतंय. कन्व्हर्टर बाजूला ठेव, दोन्ही सेन्सर सिरीजमधे लाव, २४ व्होल्टच्या बॅटरीवरनं ट्रकच्या हेडलाइटचे चारसहा बल्ब जोडून तोच एक करंट दोन्हीतनं जाऊ दे, २ अँपिअरला, ५ ला, १०, २० ला दोन्हीचं रीडिंग लिहून घे. एकाच वायरीतनं जाणारा करंट दोन वेगळे दिसत असतील तर फरक सेन्सरचा, तो फर्मवेअरमधे घालून टाक. व्होल्टेजचं पण तसंच, एकच मीटर घेऊन दोन्हीकडं टेकव. एवढं केलं तरी ९४ ची रेघ बरीच बारीक होतेय.

अजून एक खात्री करायची असेल तर उष्णता मोज. गेलेले वॉट कुठं पळून जात नाहीत, ते हीटसिंकवरच येतात. फुल लोडला मशीन तासभर चालव, हीटसिंकचं तापमान लिही. मग मशीन बंद करून त्याच हीटसिंकला एक अ‍ॅल्युमिनियम बॉडीचा वायरवाउंड रेझिस्टर चिकटव, डीसी सप्लायवरनं वॉट वाढवत ने, तेवढंच तापमान यायला किती वॉट लागले ते बघ. तेवढा लॉस हीटसिंकवरच्या पार्टांचा. इंडक्टर वेगळा तापतो, त्याचं वेगळं धरायचं. सेन्सर काय म्हणतोय आणि हीटसिंक काय म्हणतंय ह्यात मेळ बसला तर पुढं जा, नाहीतर आधी मोजणीच दुरुस्त कर.

आता समजू ९४ खरंच आहे, म्हणजे फुल लोडला साधारण ६५ वॉट जातायत. कुठं जात असतील? १०० व्होल्टचे मॉस्फेट, गरम झाल्यावर १३ मिलिओहम धर, वरचा आणि खालचा मिळून पाचेक वॉट. इंडक्टरचं तांबं चार वॉट, कोअर अजून आठनऊ, पावडर कोअर असला तर जास्तच. स्विचिंगचे ८३ व्होल्ट, २० अँपिअर, दोन्ही एज मिळून १०० नॅनोसेकंद धरले तर आठ वॉट. बॉडी डायोडची रिव्हर्स रिकव्हरी दोनेक. डेड टाइम तू ३०० नॅनोसेकंद ठेवलायस म्हणालास, त्याचा एक वॉट. आणि मग बॅटरीच्या बाजूला तो मोठ्ठा शॉटकी डायोड बसवलायस, रात्री बॅटरीतला करंट पॅनेलकडं जाऊ नये म्हणून. २० अँपिअर गुणिले ०.६ व्होल्ट, बारा वॉट. सगळ्या यादीत एकटा सर्वात मोठा तोच. उरलेले वीसपंचवीस वॉट टर्मिनल, फ्यूज, एमसीबी, इनपुट कपॅसिटर आणि तुझी मोजणीची चूक ह्यांच्यात वाटून घे.

तो शॉटकी का आहे? कारण तुला भरवसा नाही की करंट उलटा फिरला तर कळेल. सिंक्रोनस बकचा खालचा मॉस्फेट चालू राहिला आणि पॅनेल झोपलं, तर तेच सर्किट बूस्ट होऊन बॅटरीतनं उलटं पॅनेलच्या बाजूला ढकलायला लागतंय, इनपुटचे १०० व्होल्टवाले कपॅसिटर फुटले की मग कळतंय. म्हणून लोक डायोड घालून मोकळे होतात, आणि ते चुकीचं पण नाही. खरं त्या डायोडच्या जागी एक मॉस्फेट घाल, गरम असताना ४ मिलिओहमचा, त्यात जातील १.६ वॉट. वाचले दहा. हजारावर दहा म्हणजे एक टक्का, सरळ, बाकी काहीही न बदलता. फक्त तो मॉस्फेट वेळेवर बंद करायला हवा, आणि त्यासाठी झिरो कुठं आहे हे सेन्सरला नक्की ठाऊक पाहिजे.

एसीएस७१२ ची दीड टक्का चूक ३० अँपिअरवर धरली तर ०.४५ अँपिअर होतात. समज सेन्सर झिरो दाखवतोय आणि खरा करंट उलटा ०.४५ अँपिअर आहे, तर ५२ व्होल्टवर तेवीस वॉट गुपचूप मागं चालले, रात्रीचे बारा तास धरले तर पावणेतीनशे वॉट-तास. १०० अँपिअर-तासाच्या बँकेतनं रोज जवळजवळ सहा टक्के जाणार, आणि सकाळी शेतकरी तुलाच फोन करणार. तेच आयएनए२४० चा ऑफसेट (झिरोची चूक) जास्तीत जास्त २५ मायक्रोव्होल्ट, म्हणजे १ मिलिओहमवर २५ मिलिअँपिअर. हा फरक फुल लोडला कधीच दिसत नाही, आणि दुकानदार तुला फक्त फुल लोडचाच आकडा विचारतोय म्हणून आपलं लक्ष तिकडंच राहतंय.

दुसरी गोष्ट तशीच. तुझ्या कोडमधे ५ अँपिअरच्या खाली सिंक्रोनस बंद केलंयस, खालचा मॉस्फेट चालूच होत नाही, त्याचा बॉडी डायोड काम करतोय. का तर तुझा रिपल (इंडक्टरच्या करंटची चढउतार) ९ अँपिअरचा आहे, म्हणजे सरासरी साडेचारच्या खाली आली की इंडक्टरचा करंट प्रत्येक सायकलला झिरोच्या खाली जातोय, आणि सेन्सरला ते पकडता येत नाही म्हणून तू सरळ पाचला कुंपण घातलास. त्या पाच अँपिअरला डायोडमधे ०.३७ ड्यूटी (सायकलचा तेवढा भाग) गुणिले ५ गुणिले ०.९, असे १.७ वॉट जातात, त्या वेळी आउटपुट २६० वॉट. ०.६५ टक्क्याच्या आसपास झाले. भर उन्हाळ्यात अथणीला हे जाणवणार नाही, खरं खानापूरकडं जून ते सप्टेंबर पॅनेल दिवसभर पाच अँपिअरच्या खालीच असतंय, तिथं तुझं मशीन अख्खा पावसाळा ह्याच मोडमधे काढणार. शंट सिग्नल जलद असला तर कंपॅरेटर लावून करंट झिरोला आला की खालचा मॉस्फेट बंद, असं सायकलमागं सायकल करता येतंय. झिरोच्या जरा आधी बंद झाला तर शेवटचा मायक्रोसेकंदभर डायोडमधनं जातो, त्याचं फार नुकसान नाही. अर्ध्या अँपिअरनं उशीर झाला तरी आभाळ कोसळत नाही, खरं करंट तेवढा उलटा फिरतो. म्हणून इथं मी जरा आधीच्या बाजूला चूक ठेवतो.

डेड टाइमचं थोडक्यात. ३०० चे ८० नॅनोसेकंद केलेस तर पाऊण वॉट वाचतो, बस्स. बक असल्यामुळं एकच एज करंटवर अवलंबून आहे, करंट कमी असला की स्विच नोड (दोन मॉस्फेट आणि इंडक्टरचा सांधा) हळू पडतो आणि वेळ जास्त लागतो, तेव्हा करंटप्रमाणं डेड टाइमचे दोन-तीन आकडे ठेवायचे झाले तर ठेव. मी ह्याच्यामागं फार लागलो नसतो.

आता एक अशी गोष्ट जी सेन्सरच्या किमतीपेक्षा मोठी आहे आणि कुणी सांगत नाही, ती म्हणजे एडीसी (सिग्नलचा आकडा करणारा भाग) कधी वाचतोय. इंडक्टरचा करंट त्रिकोणी असतो, चढतो उतरतो. सरासरी पाहिजे असेल तर ऑन टाइमच्या बरोब्बर मधे वाचायचं, तिथं ती सरासरी आपोआप मिळते, फिल्टर-बिल्टर काही लागत नाही. सेंटर अलाइन्ड पीडब्ल्यूएम ठेवून टायमरनंच एडीसीला ट्रिगर द्यायचा. आता तुझी चढाई बघ, ८३ वजा ५२ म्हणजे ३१ व्होल्ट, भागिले २२ मायक्रोहेन्री, म्हणजे एका मायक्रोसेकंदाला १.४ अँपिअर. अँप्लिफायरचा उशीर, एडीसीचा सॅम्पल टाइम, मधला आरसी फिल्टर, सगळं मिळून एक मायक्रोसेकंद इकडंतिकडं झालं तर रीडिंग १.४ अँपिअरनं चुकलं. २० ला ते सात टक्के, २ अँपिअरला सत्तर टक्के. ०.१ टक्क्याचा शंट आणून काय उपयोग मग? स्कोपवर एडीसीचा ट्रिगर एका पिनवर काढ, दुसऱ्या चॅनेलला अँप्लिफायरचं आउटपुट, आणि जेवढा उशीर दिसतोय तेवढाच उशिरा ट्रिगर दे. ड्यूटी फार कमी असली तर ऑनच्या मधे वाचायला जागाच राहत नाही, एजच्या कटकटीत सापडतंय, तेव्हा ऑफच्या मधे वाचायचं. आणि मेन लूपमधे वेळ मिळेल तेव्हा एडीसी वाचणं, जे तू करतोयस असं मला तुझ्या वर्णनावरनं वाटतंय, ते तर आधी थांबव. रिपलवर कुठंतरी पडलेला आकडा असतोय तो, दर वेळी वेगळा.

शंटकडं वळू. हा पार्ट दिसायला काहीच नाही, लोखंडाच्या पट्टीसारखा एक तुकडा, खरं सगळा खेळ तो बोर्डावर कसा बसवला ह्यात आहे. एक औंसच्या तांब्याचा एक चौकोन अर्धा मिलिओहम असतो, चौकोन लहान असो मोठा असो. म्हणजे शंटच्या दोन्ही बाजूचं मिळून एक चौकोन तांबं जरी तुझ्या सेन्स ट्रॅकच्या आत आलं तर १ चे दीड मिलिओहम झाले. पन्नास टक्के! वर ते तांबं गरम झालं की डिग्रीला ०.३९ टक्के वाढतंय. शंट स्वतः मँगॅनिनसारख्या मिश्रधातूचा असतो, तांबं ८६, मँगनीज १२, निकेल २ टक्के, एडवर्ड वेस्टननं १८९२ साली काढलेला, तापमानानं जवळजवळ हलत नाही. म्हणजे हलणारा भाग तू स्वतःच बोर्डावर घातलास. सेन्सचे दोन ट्रॅक शंटच्या पॅडच्या आतल्या कडेवरनंच निघाले पाहिजेत, दोघं जोडीनं अगदी चिकटून अँप्लिफायरपर्यंत, मधे कुठं पॉलिगॉनमधे घुसू न देता. लेआउटच्या सॉफ्टवेअरला दोन्ही एकच नेट वाटतंय, त्यामुळं ते आपणहून जवळच्या तांब्याला चिकटवून टाकतंय, ऑटो राउटवर सोडलंस की संपलं. नेट टाय टाकून सेन्सला वेगळं नाव दे.

ह्याचाच एक नमुना अथणी बाजूच्या उसाच्या मळ्यातनं माझ्याकडं आला होता. सोलर पंपाचा कंट्रोलर, पत्र्याच्या खोलीत बसवलेला, तक्रार अशी की सकाळी अकरापर्यंत पाणी झकास, दुपारी ऊन चढलं की पंप मंद. शेतकऱ्यानं पॅनेलं दोनदा पुसली, मग पॅनेलवाल्याशी भांडण, मग पंपवाल्याशी. बोर्ड उघडला तर शंट नव्हताच, पैसे वाचवायला पीसीबीचाच एक नागमोडी ट्रॅक शंट म्हणून वापरलेला, आणि तापमानाची भरपाई काहीच नाही. टेबलावर २५ डिग्रीला एकदम बरोबर रीडिंग. हॉट एअर गननं लांबनं ऊब देत देत तो भाग ६५ डिग्रीला नेला, सोबत थर्मोकपल, करंट तोच ठेवला, रीडिंग सोळा टक्के वर. म्हणजे दुपारी करंट लिमिट खऱ्या ८६ टक्क्यालाच लागत होती, नेमकं ऊन सगळ्यात चांगलं असताना. मशीनची एफिशियन्सी टेबलावर मोजली असती तर काहीच दोष दिसला नसता, कन्व्हर्टर मस्तच होता, फक्त त्याला कमी काम करायला सांगितलं जात होतं. ट्रॅक कापून १ मिलिओहमचा खरा शंट बसवला, गेन जुळवला, झालं.

शंटचा अजून एक लपलेला त्रास म्हणजे त्याचा इंडक्टन्स. साध्या २५१२ साइजच्या शंटला एकदोन नॅनोहेन्री असतोच. दोन धरला आणि तुझी चढाई १.४ अँपिअर प्रति मायक्रोसेकंद, तर २.८ मिलिव्होल्ट फुकटचे येतात, उतरताना ५२ व्होल्टमुळं चढाईपेक्षा जास्त, उलट्या दिशेनं ४.७. तुझा खरा सिग्नल २० अँपिअरला २० मिलिव्होल्ट. म्हणजे चढतीची उतरती होताना साडेसात अँपिअरची पायरी स्कोपवर दिसणार आणि तू म्हणणार नॉइज आहे. नॉइज नव्हे तो. एल भागिले आर म्हणजे २ मायक्रोसेकंद, तेवढाच आरसी पुढं लावायचा, दोन्ही ट्रॅकमधे १० ओहम आणि मधे १०० नॅनोफॅरड, २० गुणिले १०० नॅनो बरोबर २ मायक्रोसेकंद होतात, आणि मग एकानं जे बिघडवलं ते दुसरा सरळ करतो, उशीरही वाढत नाही. १० ओहमच्या वर जाऊ नको, आयएनए२४० च्या आतल्या रेझिस्टरबरोबर मिळून गेन चुकतो. बरेच जण सवयीनं १ किलोहम लावतात आणि मग गेन का जुळत नाही म्हणून रात्र काढतात. आडवा रुंद शंट मिळाला तर घे, त्याचा इंडक्टन्स कमी असतोय.

गेनचं म्हणशील तर ए२ घे, ५० पट. १ मिलिओहमवर अँपिअरला ५० मिलिव्होल्ट, रेफरन्स मधे १.६५ वर ठेवला तर अधिक-वजा ३३ अँपिअर बसतात, उलटा करंट पण दिसतो. १२ बिटच्या ३.३ व्होल्ट एडीसीला एक पायरी १६ मिलिअँपिअरची. तुझा एसीएस७१२ अँपिअरला ६६ मिलिव्होल्ट, आणि अर्डुइनोची १० बिटची ५ व्होल्टची पायरी, म्हणजे ७४ मिलिअँपिअर.

ह्या पायरीचा संबंध एमपीपीटीशी (पॅनेलमधनं जास्तीत जास्त पॉवर मिळेल ती जागा शोधणं) आहे आणि इथं बहुतेक जण उलटं समजतात. एमपीपीटीला करंट किती अचूक आहे ह्याचं काही पडलेलं नसतं. तुझा सेन्सर सगळीकडं पाच टक्के जास्त दाखवत असेल तर पॉवरपण सगळीकडं पाच टक्के जास्त, डोंगराचं टोक तिथंच राहतंय, ट्रॅकिंग एकदम बरोबर. बिघडतंय ते दोन गोष्टींनी, ऑफसेटनं आणि बारीक फरक न दिसल्यानं. ऑफसेट व्होल्टेजनं गुणला जातो, त्यामुळं ऑफसेट वरच्या बाजूला असला तर जास्त व्होल्टेजची जागा खोटी चांगली दिसते आणि ट्रॅकर तिकडं सरकून बसतो. आणि सकाळी सकाळी पॅनेलचा करंट १.३ अँपिअर असताना ७४ मिलिअँपिअरची पायरी म्हणजे जवळजवळ सहा टक्के, पर्टर्ब केल्यावर, म्हणजे व्होल्टेज जरासं हलवून बघितल्यावर, पॉवर बदलतेय एकदोन टक्के, दिसणारच नाही, मग ट्रॅकर आंधळ्यासारखा भटकतोय. कन्व्हर्टर ९७ टक्के असून काय करायचं, पॅनेलकडनंच कमी आलं तर? ह्यावर स्वस्तातला उपाय म्हणजे ६४ सॅम्पलची सरासरी, नॉइज आठपट कमी होतो. तेवढं आजच कर, त्याला नवीन पार्ट लागत नाही. ऑफसेट मात्र सरासरीनं जात नाही.

ऑफसेटसाठी सोलरवाल्यांना एक सोय आहे जी ड्राइव्हवाल्यांना नाही, रात्र रोज होते. बकचे दोन्ही आणि डायोडच्या जागी घातलेला असे तिन्ही मॉस्फेट बंद असताना इंडक्टरमधे करंट असूच शकत नाही, तेव्हाचं रीडिंग हा तुझा झिरो, साठवून ठेव. म्हणून शंट इंडक्टरच्या पुढं आणि आउटपुट कपॅसिटरच्या आधी पाहिजे. खरं रात्रीचा झिरो २० डिग्रीचा आणि दुपारी डबा ६५ ला, मधे सरकतोच. दर दहा मिनिटाला कन्व्हर्टर ५ मिलिसेकंद बंद करून झिरो परत घे, दहा मिनिटातले ५ मिलिसेकंद म्हणजे काही गेलं नाही, बॅटरीला कळणार पण नाही. एसीएस७१२ च ठेवायचा झाला तर त्याचा झिरो सप्लायच्या निम्म्यावर असतो, सप्लाय हलला की झिरो हलला, तेव्हा त्याचा ५ व्होल्ट आणि एडीसीचा रेफरन्स एकच ठेव. आणि त्याला इंडक्टरपासनं लांब बसव, आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र तो करंट समजूनच मोजतोय. एडविन हॉलनं १८७९ ला शोधलेला हा परिणाम मुळात चुंबकीय क्षेत्रच मोजतो, ते कुणामुळं आलंय हे त्याला कळत नाही.

घरच्या इन्व्हर्टरचं काम पुढं करणार असशील तर हाच झिरो तिथं वेगळ्या रूपात भेटतो. सेन्सरमधे ऑफसेट असला की कंट्रोल लूप इमानदारीनं तेवढाच डीसी ट्रान्सफॉर्मरमधे घालतोय, एका अर्ध्या सायकलला कोअर सॅच्युरेट होतो, गुणगुणतो, तापतो, आणि नो लोड लॉस वाढतो. ग्रिडला जोडणाऱ्या इन्व्हर्टरला आयईईई १५४७ ह्या मानकामधे डीसी रेटेड करंटच्या ०.५ टक्क्याच्या आत पाहिजे असं आहेच, ५० अँपिअरला पाव अँपिअर. तिथं चांगला क्लोज्ड लूप हॉल सेन्सर घ्यावा, शंटच्या मागं लागू नये, आयसोलेशनची डोकेदुखी वाढते.

आता तुझ्या खरेदीच्या यादीतली एक गोष्ट थांबव. तू दोन्ही बाजूला आयएनए२४० लिहिलायस. त्याच्या इनपुटची मर्यादा वजा ४ ते ८० व्होल्ट. बॅटरीच्या बाजूला ठीक, साठच्या वर जात नाही. पॅनेलच्या बाजूला ५४० वॉटच्या दोन पॅनेलचं ओपन सर्किट जवळजवळ शंभर व्होल्ट, आणि डिसेंबरात पहाटे गारठ्यात अजून वर. पहिल्याच सकाळी चिप जाणार. स्विच नोडवर पण लावू नको, तिथं ८३ व्होल्ट उड्या मारतायत. इनपुटला एकतर शंट निगेटिव्ह वायरीत टाक आणि ग्राउंड कुठं जोडतोयस ते नीट बघ, नाहीतर तिथला एसीएस७१२ तसाच राहू दे, आयसोलेशन फुकट मिळतंय आणि एमपीपीटीला तेवढा पुरतो, सरासरी आणि झिरो केलास तर. ह्याच कारणासाठी १०० व्होल्टचे मॉस्फेट आणि कपॅसिटर पण १५० चे करून टाक. त्यानं आरडीएस (मॉस्फेट चालू असतानाचा रेझिस्टन्स) थोडा वाढेल, दोनेक वॉट परत जातील, जाऊ देत.

म्हणजे तुझ्या ९७ चं उत्तर असं की, ९४ खरंच असेल तर डायोड काढून ९५, टर्मिनल-फ्यूज नीट करून आणि स्विचिंगला गेट रेझिस्टर कमी करून साडेपंच्याण्णव-शहाण्णव दिसायला हरकत नाही. सत्त्याण्णवला इंडक्टरचा कोअर बदलावा लागेल, ते सेन्सरच्या हातात नाही.

शंट बेंगळुरूच्या एसपी रोडवरनं आण नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरनं, बोर्डावर लावायच्या आधी एक तपास करून घे, कारण सुट्या पट्ट्यांमधे काय येईल सांगता येत नाही. सप्लायवरनं १० अँपिअर सोड, बॉडीच्या आतल्या कडांवर दोन सुया टेकवून मिलिव्होल्ट बघ, १० यायला हवेत. मग सोल्डरिंग आयर्नचं टोक मधोमध टेकवून अर्धा मिनिट गरम कर आणि आकडा बघत रहा. शेवटचा आकडा थोडा हलला तर ठीक, १० चे साडेदहा-अकरा व्हायला लागले तर ते मँगॅनिन नव्हे, परत दे.